आचार्य जगदीशचंद्र बोस

समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या काचेच्या तंतूंतून आज प्रकाशाच्या रूपानें संदेश धांवतात, आणि पैलतीरीं अर्धवाहकाचा एक लहानसा कण त्या प्रकाशाची पुन्हां वीज करितो. अर्धवाहकांचा असा उपयोग प्रथम ज्यांनीं ओळखला, त्यांत एका भारतीय अध्यापकाची गणना होते. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं बंगालमध्यें झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीहि त्यांनीं मुलास प्रथम बंगाली पाठशाळेंत घातलें. तेथें कोळ्या-शेतकऱ्यांच्या मुलांशेजारीं तो बसे. पुढें कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. केंब्रिजची पदवी घेऊन ते १८८५ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापक झाले.

तेथें युरोपियन अध्यापकांहून कमी वेतन त्यांस देऊं करण्यांत आलें. त्यांनीं काम सोडलें नाहीं. तीन वर्षें वेतनास हात न लावितां शिकविलें. घरीं वडिलांचें कर्ज असतां हें व्रत किती कठीण गेलें असेल, याचा पालकांनींच विचार करावा. अखेर सरकारनें मागील बाकीसह पूर्ण वेतन दिलें.

प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली, आणि मदतीस पत्र्याचें काम करणारा एक कारागीर. तेवढ्यावर त्यांनीं अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण केल्या, व १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें भिंतीपलीकडील घंटा तारेवांचून वाजवून दाखविली. काचतंतूंत प्रकाश ज्या पूर्ण परावर्तनामुळें कोंडून राहतो, त्याचाहि १८९७ सालीं त्यांनीं या लहरींवर अभ्यास केला. पुढें गॅलीना नामक शिशाच्या खनिजावर प्रकाश पडतांच त्याच्या विद्युत्-वहनांत फरक पडतो, हें ओळखून त्यांनीं जणूं एक कृत्रिम डोळाच सिद्ध केला.

मित्रांच्या आग्रहास्तव या शोधाचें अमेरिकन पेटंट १९०४ सालीं त्यांच्या नांवें झालें. परंतु ज्ञानाचा व्यापार त्यांस रुचेना, आणि त्या हक्कापासून त्यांनीं धन मिळविलें नाहीं. नंतर वनस्पतींच्या संवेदनांकडे त्यांचें लक्ष वळलें. १९१७ सालीं कलकत्त्यांत त्यांनीं आपलें संशोधन-मंदिर स्थापिलें. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें ते निवर्तले.

साधनें अपुरीं म्हणून प्रयोग टाळणाऱ्या विद्यार्थ्यानें ती लहानशी खोली आठवावी. आणि विद्येचें मोल केवळ मिळकतीनें करणाऱ्या आम्हां वडील मंडळींनीं तीं तीन वर्षें.