बाहुल्यांतून मुलांना जगाची ओळख करून देणारे शंकर

म्हैसूरचा दसरा म्हटला की जंबूसवारी आणि राजवाड्यावरील दिव्यांची रोषणाई डोळ्यांसमोर येते. या शहरातील अनेक घरांत मात्र नवरात्राच्या दिवसांत आणखी एक सोहळा सुरू असतो. त्याला कन्नड भाषेत 'गोंबे हब्ब' म्हणजे बाहुल्यांचा सण म्हणतात. दिवाणखान्यात विषम संख्येच्या पायऱ्या रचल्या जातात आणि त्यांवर बाहुल्या मांडल्या जातात. मांडणीत 'पट्टद गोंबे' या राजा-राणीच्या जोडीला मानाचे स्थान असते. ही लाकडी जोडी आई आपल्या लेकीला लग्नात देते आणि लेक ती दर दसऱ्याला सासरी मांडते. वरच्या पायऱ्या देवादिकांच्या आणि राजघराण्याच्या असतात, तर खालच्या पायऱ्यांवर दुकानदार, शेतकरी, वाजंत्री अशी सामान्य माणसे दिसतात. म्हैसूरच्या राजवाड्यातही 'गोंबे तोट्टी' नावाचे बाहुल्यांचे दालन आहे.

बाहुल्यांच्या रूपाने समाजाचे चित्र उभे करण्याची ही परंपरा जुनी आणि लोभस आहे. तिच्यात समाजाची उतरंडही तितकीच स्पष्ट दिसते. स्वतंत्र भारतात दक्षिणेतीलच एका कलावंताने बाहुल्यांची निराळी मांडणी केली. तीत देशोदेशीच्या माणसांना काचेच्या कपाटांत शेजारी-शेजारी स्थान मिळाले. हे कलावंत म्हणजे ख्यातनाम व्यंगचित्रकार केशव शंकर पिल्लई, म्हणजेच सर्वांना परिचित असलेले शंकर. नवी दिल्लीतील त्यांच्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन ३० नोव्हेंबर १९६५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. डॉ. राधाकृष्णन यांनी १९१८ ते १९२१ या काळात म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले होते.

कायमकुळम ते मुंबई

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील कायमकुळम येथे झाला. शाळेत असताना वर्गात डुलकी घेणाऱ्या शिक्षकांचे चित्र त्यांनी काढले आणि त्यावरून मुख्याध्यापकांचा रोष ओढवून घेतला, असे सांगितले जाते. त्यांच्या काकांना मात्र त्या चित्रात मुलाची नजर दिसली आणि त्यांनी त्याला प्रोत्साहन दिले.

त्रिवेंद्रम येथे पदवी संपादन केल्यावर १९२७ मध्ये ते कायद्याच्या शिक्षणासाठी मुंबईत आले. कायद्यात त्यांचे मन रमले नाही. ते शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी नोकरी धरली आणि जोडीने 'फ्री प्रेस जर्नल' व 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रे काढण्यास प्रारंभ केला. स्वातंत्र्य चळवळीने भारलेल्या त्या मुंबईत त्यांची रेषा घडली. या अर्थाने शंकर यांच्या कलाजीवनाचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला.

ज्येष्ठ संपादक पोथन जोसेफ यांनी १९३२ मध्ये त्यांना दिल्लीला 'हिंदुस्तान टाइम्स'मध्ये बोलावून घेतले. १९४६ पर्यंत ते तेथे होते. या काळात त्यांनी लंडन येथे कलेचे प्रगत शिक्षणही घेतले. मे १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली' हे त्यांचे स्वतःचे साप्ताहिक सुरू झाले. त्याचा प्रारंभ पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाला. टीका करताना आपल्यालाही वगळू नये, असे नेहरूंनी शंकर यांना सुचविले होते आणि शंकर यांनी ती सूचना शब्दशः पाळली. अबू अब्राहम, कुट्टी, ओ. व्ही. विजयन यांसारखे व्यंगचित्रकार या साप्ताहिकातून पुढे आले.

एका बाहुलीचे निमित्त

राजकारण्यांच्या ढोंगावर बोट ठेवता ठेवता शंकर यांचे मन मुलांकडे वळले. १९४९ मध्ये त्यांनी मुलांसाठी चित्रकला व लेखन स्पर्धा सुरू केली. लवकरच ती आंतरराष्ट्रीय झाली आणि पुढे शंभराहून अधिक देशांतील मुले तीत भाग घेऊ लागली.

या स्पर्धेतूनच बाहुली संग्रहाचे बीज रुजले. १९५० च्या दशकाच्या आरंभी हंगेरीच्या राजदूतांनी स्पर्धेत बक्षीस म्हणून देण्यासाठी शंकर यांच्याकडे एक बाहुली सुपूर्द केली. ती बाहुली पाहून ते हरखून गेले. हंगेरीला कधीही न जाणाऱ्या भारतीय मुलाला ही बाहुली त्या देशातील माणसांची ओळख करून देऊ शकेल, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली. त्यानंतर पंतप्रधानांसमवेत पत्रकार म्हणून ज्या ज्या देशात ते गेले, तेथून त्यांनी बाहुल्या आणल्या. परदेशी दूतावासांकडून आणि पाहुण्यांकडून भेटी मिळत गेल्या. पाहता पाहता बाहुल्यांची संख्या ५०० च्या घरात गेली.

हा संग्रह स्वतःपाशी ठेवण्याची शंकर यांची इच्छा नव्हती. गरीब घरच्या मुलांनाही तो पाहता यावा म्हणून मुलांच्या चित्रांबरोबर बाहुल्यांचीही प्रदर्शने त्यांनी ठिकठिकाणी भरविली. पण बाहुल्या पुन्हा पुन्हा बांधणे, नेणे आणि मांडणे या खटाटोपात त्यांची मोडतोड होऊ लागली. दिल्लीतील एका प्रदर्शनास पंडित नेहरू आणि त्यांच्या कन्या इंदिरा गांधी आल्या असता शंकर यांनी ही अडचण त्यांच्या कानावर घातली. बाहुल्यांसाठी कायमस्वरूपी जागा असावी, ही सूचना इंदिरा गांधी यांनी केली.

दरम्यान, १९५७ मध्ये शंकर यांनी मुलांना उत्तम आणि परवडणारी पुस्तके मिळावीत यासाठी 'चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली होती. बहादूरशाह जफर मार्गावर संस्थेची 'नेहरू हाउस' ही वास्तू उभी राहिली आणि तिच्यातच बाहुल्यांना हक्काचे घर मिळाले. उद्घाटनाच्या वेळी सुमारे १००० असलेली बाहुल्यांची संख्या पुढे ६००० च्या वर गेली. सुमारे ८५ देशांतील बाहुल्या तेथे आहेत. एका भागात युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देश, तर दुसऱ्या भागात आशिया, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारत अशी रचना आहे. जपानचे सामुराई आणि काबुकी नाट्यातील पात्रे, स्पेनच्या फ्लेमेंको नर्तिका, थायलंडचा स्त्री-वाद्यवृंद आणि श्रीलंकेतील कँडीची मिरवणूक ही या संग्रहाची वैशिष्ट्ये होत.

भारताचे अनेक चेहरे

परदेशी बाहुल्या भेटीदाखल येत असताना त्यांच्या बदल्यात भारताने काय द्यावे, हा प्रश्न होता. एकच साडी नेसलेली एकच स्त्री भारताची प्रतिनिधी होऊ शकत नव्हती. महाराष्ट्रातील नऊवारीचा काष्टा वेगळा, म्हैसूरच्या शेजारच्या कोडगू भागात स्त्रिया निऱ्या पाठीमागे घेतात ती रीत वेगळी आणि आसामची मेखला-चादर आणखी वेगळी. चेहऱ्याची ठेवण, वर्ण आणि दागिने यांतही अशीच विविधता आहे.

संग्रहालयाला जोडून उभ्या राहिलेल्या बाहुली-रचना केंद्राने आणि कार्यशाळेने हे काम हाती घेतले. निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांची शरीरयष्टी, पोशाख आणि अलंकार यांचा अभ्यास करून तेथे हाताने बाहुल्या घडविल्या जाऊ लागल्या. प्रांतोप्रांतीच्या नववधू, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आणि नृत्यप्रकार अशा मालिका त्यातून तयार झाल्या. संग्रहालयात भारतीय वेशभूषेच्या सुमारे १५० प्रकारच्या बाहुल्या मांडल्या गेल्या. याच बाहुल्या संग्राहकांना विकल्या जात आणि परदेशांतून आलेल्या भेटींच्या बदल्यात पाठविल्याही जात. १९८० मध्ये पोलंडमधील क्राकोव्ह येथे भरलेल्या बाहुल्यांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या केंद्राच्या बाहुल्यांना 'सुवर्ण मयूरपिच्छ' हे प्रथम पारितोषिक मिळाले.

या कामाचे मोल जाणण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. आपल्याकडे लाकडी ठकी, सावंतवाडीची रंगीत खेळणी आणि म्हैसूरच्या वाटेवरील चन्नपट्टणा येथील लाखेच्या रंगांची खेळणी होतीच. पण शहरी बाजारात रुबाब होता तो गोऱ्या वर्णाच्या कचकड्याच्या बाहुलीचा. असे खेळणे मुलांच्या मनावर काय परिणाम करते, याचा अभ्यास १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने केला. त्यांनी ३ ते ७ वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे केवळ वर्ण आणि केसांचा रंग वेगळा असलेल्या बाहुल्या ठेवल्या. त्यांपैकी बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरविली. शाळांतील वांशिक विभाजन अवैध ठरविणाऱ्या १९५४ च्या ऐतिहासिक खटल्यात या संशोधनाचा आधार घेतला गेला. त्याच सुमारास शंकर दिल्लीत बाहुल्या जमवीत होते. त्यांचा मार्ग संशोधकाचा नव्हता. आपल्यासारखा दिसणारा आणि आपल्याहून वेगळा दिसणारा, असे दोन्ही चेहरे सारख्याच आदराने मुलांपुढे यावेत, एवढीच त्यांची दृष्टी होती.

या मांडणीला मर्यादाही आहेत. वेशभूषेची बाहुली माणसाला सणाच्या कपड्यांत दाखविते, त्याचे रोजचे जगणे तीत दिसत नाही. एखाद्या देशाचे किंवा समाजाचे रूप दोन-चार बाहुल्यांत बांधले की त्या समाजातील भेद आणि विषमता नजरेआड होतात. शिवाय काचेमागची बाहुली मुलाला पाहता येते, तिच्याशी खेळता येत नाही.

चित्रणाचा प्रश्न

दुसऱ्याचे चित्रण करताना त्याचा मान कसा राखावा, हा प्रश्न शंकर यांच्या नावाशी त्यांच्या निधनानंतरही जोडला गेला. राज्यघटनेच्या कामास लागणाऱ्या विलंबावर त्यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये एक व्यंगचित्र काढले होते. त्यात गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे चाबूक घेतलेले पंडित नेहरू दाखविले होते. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि केंद्र सरकारने ते मागे घेण्याची घोषणा केली. पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली.

ही मोडतोड समर्थनीय नव्हती. मात्र चित्राला झालेला सारा विरोध तिच्याबरोबर मोडीत काढता येत नाही. १९४९ च्या वाचकाला त्या चित्रात घटना समितीचा संथपणा दिसला असेल. शतकानुशतके चाबकाचा अर्थ सोसलेल्या समाजातील विद्यार्थ्याला त्यात वेगळे काही दिसू शकते. बाहुल्या घडविताना ज्यांची बाहुली त्यांच्या रीतीभातींचा अभ्यास आधी झाला, हे त्या कार्यशाळेचे बलस्थान होते. व्यंगचित्राला अशी सवड नसते आणि त्याचा धर्मही निराळा असतो. तरीही ज्याचे चित्र काढले जाते, त्याच्या नजरेलाही मोल असते, हा धडा दोन्ही कलांना लागू आहे.

अखेरची वर्षे

आणीबाणी लागू झाल्यानंतर ऑगस्ट १९७५ मध्ये शंकर यांनी 'शंकर्स वीकली' बंद केले. त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य मुलांच्या कार्याला वाहिलेले राहिले. त्यांना १९६६ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब मिळाले. १९७७ मध्ये पोलंडचा 'ऑर्डर ऑफ द स्माइल' हा सन्मान त्यांना लाभला. मुलांच्या शिफारशीवरून दिला जाणारा हा पुरस्कार त्यांच्या कार्याला विशेष साजेसा होता. २६ डिसेंबर १९८९ रोजी नवी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या व्यंगचित्रांवर आधारित तिकिटे प्रसिद्ध केली.

आज बाजारात विविध वर्णांच्या आणि चेहरेपट्टीच्या बाहुल्या मिळू लागल्या आहेत. तरी गोऱ्या वर्णाचे आकर्षण आपल्या घरांतून आणि विवाहविषयक जाहिरातींतून हद्दपार झालेले नाही. मुलाच्या हाती पहिले खेळणे देताना आपण त्याला सौंदर्याची एक व्याख्याही देत असतो. शंकर यांनी ती व्याख्या ८५ देशांइतकी विस्तृत करून ठेवली आहे. म्हैसूरच्या घरांतील पायऱ्यांवर दर दसऱ्याला एखाद्या नव्या बाहुलीची भर पडते. ती कोणाची असावी आणि तिला कोणत्या पायरीवर बसवावे, हे ठरविणे मांडणाऱ्याच्या हाती असते.