कॅमेरा स्वस्तात विकून फिल्मवर कमावणारा बँकेचा क्लार्क, ज्याने जगाला कोडॅक दिला

एक काळ होता, लग्न असो नाहीतर शाळेची सहल, कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल टाकला जायचा. प्रत्येक फोटो जपून काढायचा. रोल संपला की तो धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट बघायची. पिवळ्या डब्यातला तो रोल म्हणजे कोडॅक, हे समीकरण कित्येक घरांत पक्कं होतं.

या सगळ्याची सुरुवात झाली एका बँकेच्या क्लार्कपासून. नाव जॉर्ज ईस्टमन.

१२ जुलै १८५४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावात त्याचा जन्म झाला. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. आईने रॉचेस्टर शहरातल्या घरात पैसे देऊन राहणारे लोक ठेवले आणि संसार ओढला. एका बहिणीला पोलिओ झाला होता. घरची परिस्थिती बघून जॉर्जने शाळा सोडली आणि एका विमा कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागला. पगार आठवड्याला ३ डॉलर. १८७४ मध्ये त्याला रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत क्लार्कची नोकरी मिळाली. आता कुठे बरे दिवस आले होते.

नोकरीत असताना त्याने सँतो दोमिंगोला फिरायला जायचं ठरवलं. सोबतच्या एकाने सुचवलं की तिथले फोटो काढून आण. म्हणून त्याने कॅमेरा घेतला. पण त्या काळी कॅमेरा घेणं म्हणजे अख्खं बिऱ्हाड घेणं. तंबू, तिकाटणं, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं. प्लेटवर ओलं रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही.

ट्रिप राहिली बाजूला. हे सगळं सोपं कसं करता येईल, हा किडा मात्र जॉर्जच्या डोक्यात शिरला.

दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. कधी कधी तो तिथेच शेगडीजवळ झोपून जायचा. इंग्लंडमध्ये जिलेटिन लावलेल्या कोरड्या प्लेटा निघाल्याचं त्याने मासिकांत वाचलं होतं. अशा प्लेटा भराभर तयार करणारं यंत्र त्याने बनवलं आणि १८७९ मध्ये लंडनला त्याचं पेटंट घेतलं. १८८१ मध्ये हेन्री स्ट्राँग या व्यावसायिकाच्या पैशावर कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी त्याने बँकेची नोकरी सोडली.

आणि वर्षभरातच दणका बसला.

दुकानदारांकडे गेलेल्या प्लेटा खराब निघाल्या. दोष जिलेटिनमध्ये होता. नव्या कंपनीला हात वर करणं सोपं होतं. ईस्टमनने सगळा माल परत घेतला आणि बदलून दिला. कंपनी जवळजवळ रिकामी झाली, पण बाजारात नाव टिकलं.

पुढे त्याने काचेऐवजी कागदाचा रोल आणला. व्यावसायिक फोटोग्राफरांना तो काही आवडला नाही. फोटोत कागदाचे कण उमटतात, अशी तक्रार होती आणि ती खरीही होती. मग ईस्टमनने गिऱ्हाईकच बदललं. ज्यांनी आयुष्यात कॅमेरा धरला नाही, त्यांनाच कॅमेरा विकायचा असं त्याने ठरवलं.

१८८८ मध्ये पहिला कोडॅक बाजारात आला. या शब्दाला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. ईस्टमनला इंग्रजीतलं के अक्षर आवडायचं, म्हणून सुरुवातीलाही के आणि शेवटीही के. किंमत २५ डॉलर आणि आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवा रोल भरून तो परत घरी यायचा. पुढच्याच वर्षी कागद जाऊन पारदर्शक फिल्म आली.

लोक काय म्हणाले? जुन्या जाणत्या फोटोग्राफरांना हा पोरखेळ वाटला. न विचारता कुणाचेही फोटो काढत फिरणाऱ्यांमुळे काही जण वैतागले. १८९० मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक गाजलेला लेख लिहिला. झटपट निघणारे फोटो हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे मोबाईल कॅमेऱ्यावरून आज जे वाद होतात, ते तेव्हाही होतेच.

१९०० मध्ये ब्राउनी आला. किंमत फक्त १ डॉलर आणि फिल्म १५ सेंटला. आता पोरंही फोटो काढू लागली. खरी गंमत इथेच होती. कॅमेरा एकदाच विकला जातो, फिल्म मात्र पुन्हा पुन्हा लागते. कमाई फिल्मवर होती. आज स्वस्त प्रिंटर आणि महाग शाई विकतात, तोच हा हिशोब.

पण सगळंच गोड नव्हतं. हॅनिबल गुडविन या पाद्र्याने पारदर्शक फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. ते मिळालं १८९८ मध्ये आणि दोन वर्षांनी तो वारला. त्याच्या पेटंटचा खटला कोडॅक हरली आणि १९१४ मध्ये ५० लाख डॉलर मोजावे लागले. १९१५ मध्ये कोर्टाने कोडॅकची बाजारात मक्तेदारी असल्याचाही ठपका ठेवला.

हाच ईस्टमन दान करताना मात्र नाव लपवायचा. एमआयटी या संस्थेला त्याने मिस्टर स्मिथ या नावाने लाखो डॉलर दिले. १९१९ मध्ये आपल्या शेअर्सचा मोठा वाटा कामगारांना दिला. लग्न त्याने केलं नाही. शेवटच्या वर्षांत मणक्याच्या आजाराने चालणंही अवघड झालं. १४ मार्च १९३२ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आपलं काम झालं आहे, अशा अर्थाची छोटी चिठ्ठी मागे ठेवली होती.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला. त्याला फिल्म लागतच नव्हती. पुढे कंपनीने डिजिटल कॅमेरे विकलेही, पण फिल्मइतका पैसा त्यातून कधी आला नाही. १९ जानेवारी २०१२ ला कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ज्या हिशोबाने ईस्टमनची कंपनी मोठी झाली, त्याच हिशोबात ती अडकली. त्याने स्वतः मात्र काच सोडून कागद धरला होता आणि कागद सोडून फिल्म. फिल्म सोडायची वेळ आली तेव्हा कंपनीत ईस्टमन नव्हता.