हायरम पर्सी मॅक्सिम : निरोप पुढें नेण्याची विद्या

जव्हारहून मोखाड्याकडे जातांना डोंगर आणि दऱ्या यांचा अंत लागत नाहीं. दूरच्या पाड्यावर निरोप धाडावयाचा तर मधल्या पाड्यावरील कोणीतरी तो नीट ऐकून पुढें नेला पाहिजे, हें आमच्या मुलखांत लहान मुलासही कळतें. हाच साधा विचार बिनतारी विद्येंत आणून ज्यांनीं हौशी मंडळींस एका सूत्रांत ओंविलें, त्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आज सादर करीत आहों. ज्यांस हौशी बिनतारीचा परवाना नुकताच मिळाला असेल, त्यांस तें विशेष उपयोगी पडेल.

हायरम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजीं अमेरिकेंतील ब्रुकलिन येथें झाला. त्यांचे वडील सर हायरम मॅक्सिम यांनीं त्यांच्याच नांवानें ओळखली जाणारी मशीनगन निर्माण केली. पुत्रानें पुढें बंदुकीचा आवाज दबविणारें साधन शोधून काढलें, हा योग मोठा मौजेचा होय. १८८६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांतून ते पदवीधर झाले व १८९५ सालीं हार्टफर्ड शहरीं मोटारगाड्या बनविण्याच्या उद्योगांत शिरले. बिनतारीचा नाद त्यांस चाळिशीच्या सुमारास लागला.

१९१४ सालची गोष्ट. मॅक्सिम यांस सुमारें २५ मैलांवरील स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी गृहस्थाकडे संदेश धाडावयाचा होता. परंतु त्यांचें यंत्र बलवान असूनही तो तेथवर पोहोंचेना. तेव्हां वाटेंतील विंडसर लॉक्स गांवीं राहणाऱ्या एका हौशी मित्राची त्यांस आठवण झाली. त्यानें संदेश घेऊन पुढें पाठविला आणि काम झालें. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर संतुष्ट होऊन बसला असता. मॅक्सिम यांनीं मात्र देशभर अशा मधल्या मित्रांची सांखळी उभारण्याचें मनांत घेतलें, आणि तरुण सहकारी क्लॅरेन्स टस्का यांच्या साहाय्यानें त्याच वर्षीं अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. १९१५ च्या डिसेंबरांत 'क्यू-एस-टी' मासिक निघालें. ६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यूयॉर्कहून निघालेला संदेश ठिकठिकाणच्या हौशींच्या हातांतून लॉस एंजेलिसला जाऊन त्याचें उत्तर १ तास २० मिनिटांत परत आलें!

परंतु दोनच महिन्यांनीं अमेरिका महायुद्धांत उतरली व हौशी केंद्रें बंद करण्याची आज्ञा झाली. युद्ध संपल्यावरही बिनतारी कायमची आरमाराच्या ताब्यांत देण्याचा कायदा येऊं घातला होता. तो संमत झाला असता तर हौशींचें नांवही उरलें नसतें. मॅक्सिम यांनीं विधिमंडळाच्या समितीपुढें जाऊन त्यांची बाजू मांडली, सभासदांस जागें केलें. तो बेत फसला आणि १९१९ च्या ऑक्टोबरांत संदेश धाडण्याची मोकळीक पुन्हां मिळाली. १९२३ सालीं हौशींचें संभाषण अटलांटिक महासागर ओलांडून फ्रान्सपर्यंत झालें. १९२५ सालीं पॅरिस येथें हौशींचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष मॅक्सिमच होते.

त्यांच्या स्वभावाची आणखी एक खूण सांगितली पाहिजे. 'क्यू-एस-टी' मध्यें 'म्हातारबुवा' अशा अर्थाच्या टोपणनांवानें कोणी लेखक बेशिस्त हौशींची खरमरीत थट्टा करीत असे. मध्येंच घुसणें, उगाच लांबण लावणें, दुसऱ्याचें न ऐकतां आपलेंच घोडें पुढें दामटणें, यांवर त्याचा फार रोष. तो लेखक मॅक्सिमच होते, हें सर्वांस त्यांच्या मृत्यूनंतर कळलें. १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं कोलोरॅडोमधील ला हुंटा येथें ते निवर्तले. त्यांची संकेतखूण लीगच्या मुख्य केंद्रास देण्यांत आली, आणि ती अद्यापि आकाशांत घुमत असते.

आजचें 'नेट' हें त्याच सांखळीचें रूप होय. ठरल्या वेळीं, ठरल्या लहरीवर सारे जमतात आणि एक जण नियंत्रक असतो. नवागतानें आरंभीं कांहीं दिवस केवळ ऐकावें, नियंत्रकानें विचारल्यावर आपली संकेतखूण स्पष्ट सांगावी, पाळी येईपर्यंत थांबावें, थोडक्यांत बोलावें, निरोप न घेतां निघून जाऊं नये. तातडीचा संदेश आला तर बाकीच्यांनीं मुकाट्यानें वाट द्यावी. लेखी संदेशाच्या शिरोभागीं शब्दांची संख्या दिलेली असते; ती जुळल्यावांचून संदेश पुढें देऊं नये. या शिस्तीचें मोल संकटांत कळतें. २००१ सालीं भुजच्या भूकंपांत आणि २००४ सालीं अंदमानांत सागरी लाटांनीं हाहाकार उडविला असतां, इतर साधनें बंद पडल्यावर हौशींनींच आप्तांचे निरोप पोहोंचविले.

मॅक्सिम यांचें यंत्र बलवान होतें, तरी काम झालें तें मधल्या गांवच्या मित्रामुळें. आमच्या डोंगराळ मुलखांत तर एका उंच जागेवरील सावध कान दहा मोठ्या आवाजांहून अधिक उपयोगाचा. तेव्हां परवाना हातीं येतांच बोलण्याची घाई न करितां, दुसऱ्याचा निरोप अक्षरही न गाळतां पुढें नेण्याची विद्या आमच्या बांधवांनीं आधीं साधावी, एवढेंच आमचें मागणें आहे.