सोळा किलोमीटरचा माणूस

कसारा लोकल पकडून कॉलेज गाठता आणि आपल्या गावात बघण्यासारखं काही नाही म्हणता? मग चार्ल्स रॉबर्टसन या माणसाला भेटाच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात कार्लिनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. १८५८ साली जन्मलेला रॉबर्टसन तिथल्याच ब्लॅकबर्न कॉलेजात शिकवायचा. १८८४ च्या सुमारास त्याने एक उद्योग सुरू केला. फुलापाशी बसायचं आणि त्यावर कोण येतं ते लिहायचं. बस्स! तेही गावापासून दहा मैलांच्या, म्हणजे सोळा किलोमीटरच्या आत. आपल्याकडे मोजाल तर इकडे खर्डी, तिकडे इगतपुरी. एवढ्यात तो ३३ वर्षं फिरला. आपल्याला तेरड्यापाशी तीन मिनिटं तरी बसवेल का?

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं, राणी आठवते. पण मधमाश्यांच्या बहुतेक जाती एकांड्या असतात. मादी एकटीच जमिनीत बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, अंडं घालते, बिळाचं तोंड बुजवते आणि निघून जाते.

त्यातल्या काही भलत्याच चोखंदळ निघाल्या. १८९१ साली रॉबर्टसनने अशा एका माशीला शास्त्रीय नाव दिलं. ती पिल्लांसाठी ‘स्प्रिंग ब्युटी’ या रानफुलाचाच पराग नेते. हे फूल वसंतात काही आठवडेच असतं, म्हणून माशीही तेवढ्यापुरतीच बाहेर येते. स्वतःला मध प्यायला ती दुसऱ्या फुलावर जाईलही, पण पिल्लांचा डबा ठरलेला! अशा माश्यांसाठी त्याने ‘ऑलिगोलेक्टिक’ हा शब्द रूढ केला.

१९२८ साली त्याचं पुस्तक आलं. ४५३ फुलझाडं आणि प्रत्येकावर येणाऱ्या कीटकांच्या याद्या. खरं सांगायचं तर कंटाळवाणा प्रकार. १९३५ साली तो गेला.

२००९ आणि २०१० मध्ये काही संशोधक त्याच याद्या घेऊन कार्लिनव्हिलच्या जंगलात २६ रानफुलांपाशी पुन्हा बसले. रॉबर्टसनला या फुलांवर १०९ जातींच्या माश्या दिसल्या होत्या. त्यातल्या निम्म्या आता सापडल्याच नाहीत. मधल्या काळात जंगलाची शेतं झाली होती, वसंतही अलीकडे सरकला होता. फुलं मात्र अजून फुलतात. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं.

रॉबर्टसनने टाचणीला लावलेल्या माश्या इलिनॉयच्या सरकारी संग्रहात अजून आहेत.