समशेर बहाद्दर : आडनाव झालेला किताब

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. १६८९च्या आरंभी संभाजीराजे पकडले गेल्याची वार्ता औरंगजेबाला मिळाली ती शेजारच्याच अकलूजच्या छावणीत. तेथून तो पेडगावच्या बहादूरगडाकडे वळला. मोगल तळांबरोबर त्यांचे किताबही या मुलखाच्या तोंडी रुळले. ‘बहादूर’ हा त्यांतला मध्य आशियातून आलेला. मंगोलांचा ‘बगातूर’ म्हणजे वीर. चंगीझखानाचा पिता येसुगेई याच्या नावाला तो जोडलेला आढळतो. मंगोलियाची राजधानी उलानबातर, म्हणजे ‘लाल वीर’, हिच्या नावातही तोच शब्द आहे. फारसीमार्गे तो हिंदुस्थानात आला आणि मराठीने त्याचा ‘बहाद्दर’ केला.

हाच किताब एका पेशवेपुत्राला आडनावासारखा चिकटला, त्याचे कारण केवळ शौर्य नव्हे. पहिले बाजीराव आणि मस्तानी यांना १७३४मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव कृष्णराव. त्याची मुंज व्हावी ही बाजीरावांची इच्छा पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मानली नाही. भट घराण्यात जन्मूनही घराण्याचा संस्कार त्याला नाकारला गेला आणि तो मुसलमान म्हणून वाढला. समशेर म्हणजे तलवार. तिला बहाद्दर जोडला गेला. ज्या मोगलांना पित्याने दिल्लीपर्यंत धडक दिली, त्यांच्याच दरबारी भाषेतले नाव पुत्राच्या वाट्याला यावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

१७४०मध्ये आई-वडील दोघेही गेले. सहा वर्षांचा हा मुलगा पेशव्यांच्याच कुटुंबात वाढला आणि पुढे त्यांच्या फौजेत सरदार झाला. मुंज नाकारणाऱ्यांना रणांगणावर मात्र तो चालला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो भाऊसाहेबांच्या सैन्यात लढला. जखमी अवस्थेत त्याने सूरजमल जाटाचा मुलूख गाठला आणि तेथेच त्याचा अंत झाला. वय सत्तावीसच्या आसपास.

त्याच्या मुलाचेही मूळ नाव कृष्णसिंग, पण इतिहास त्याला अली बहाद्दर म्हणूनच ओळखतो. बुंदेलखंड जिंकून त्याने बांद्याचे राज्य उभारले आणि १८०२मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो मरण पावला. नातू पुन्हा समशेर बहाद्दर. घराण्यातले दुसरे अली बहाद्दर १८५७मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले; बांदा गमावल्यावर त्यांना इंदूरला ठेवण्यात आले.