फूजी गुरुजी : वर्ध्याशी नाते जोडणारा जपानी भिक्षू

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घड्याळे, मोटारी, चेरीची फुले आणि हिरोशिमा उभे राहते. इतिहासाच्या पुस्तकात १९०५ साली रशियाला नमविणारा जपान भेटतो. परंतु आपल्या नंदनवनापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या जपानी भिक्षूची ओळख आपल्यापैकी किती जणांना असेल? निचिदात्सु फूजी हे त्यांचे नाव. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणत आणि पुढे तेच नाव जगभर रूढ झाले.

फूजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ रोजी क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतात, आसो ज्वालामुखीच्या परिसरात, एका शेतकरी कुटुंबात झाला. तो काळ मेइजी राजवटीचा. बौद्ध धर्माचा राजाश्रय गेला होता. होतकरू तरुण सैन्यात, कारखान्यांत, व्यापारात शिरत होते. अशा वेळी एकोणिसाव्या वर्षी या मुलाने भिक्षूची दीक्षा घेतली! तेराव्या शतकातील आचार्य निचिरेन यांचा मार्ग त्यांनी पत्करला. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र म्हणायचा आणि पंख्याच्या आकाराचा लहानसा डफ वाजवीत चालत राहायचे, ही त्यांची साधना. १९१७ साली टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यासमोर उभे राहून त्यांनी हा डफ वाजविला. निप्पोनझान म्योहोजी या त्यांच्या संघाचे पहिले मंदिर १९१८ साली मांचुरियात लियाओयांग येथे उभे राहिले.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला होता आणि मांचुरियात त्याची रेल्वे व फौज पोहोचली होती. ज्या वाटेने साम्राज्य गेले, त्याच वाटेने हे मंदिरही गेले. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. माणूस कोठून निघाला हे कळल्यावाचून तो किती चालला हे कसे कळणार?

भारतातून पूर्वेकडे आलेला बुद्धधर्म एक दिवस पुन्हा पश्चिमेकडे, आपल्या मायभूमीत परतेल, अशी निचिरेन यांची श्रद्धा होती. ती उराशी धरून फूजी १९३१ च्या जानेवारीत कलकत्त्यास उतरले. ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्याच्या आश्रमात त्यांची व गांधीजींची भेट झाली. हरिजन यात्रेस निघण्यापूर्वीचे ते दिवस. फूजी आश्रमात राहिले व सूत कातू लागले. त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. बुद्धाच्या अहिंसेचे सूत्र ते जपानहून घेऊन आले होते, पण ती अहिंसा राजसत्तेसमोर कशी उभी राहते हे त्यांनी पाहिले ते वर्ध्यात, असे मला वाटते.

पुढे महायुद्ध पेटले. फूजी त्या वेळी जपानमध्ये होते. त्यांच्या परंपरेतील एक जपानी भिक्षू सेवाग्रामात राहत होता. जपानने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारताच सरकारने त्याला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला खडे बोल सुनावले आणि त्याच पत्रात या भिक्षूची उणीव भासते, त्याचा डफ व प्रार्थना आश्रमाने जपून ठेवली आहे, असेही कळविले. शत्रुराष्ट्राची प्रार्थना भर युद्धात रोज म्हटली जात होती! सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना आजही याच मंत्राने सुरू होते. प्रथम ऐकली तेव्हा हे शब्द पाली असावेत असे मला वाटले होते.

६ ऑगस्ट १९४५. जपानमध्ये साठावे वर्ष पुरे झाले की आयुष्याचे एक चक्र पूर्ण होऊन माणूस नव्याने जन्मतो, असे मानतात. फूजी यांच्या साठाव्या वाढदिवशीच हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य जणू या एकाच दिवसाला दिलेले उत्तर होते. १९५४ साली कुमामोतोत त्यांनी पहिला शांतिस्तूप उभारला. टोकियोजवळील सुनागावा येथे अमेरिकन हवाई तळाच्या विस्तारासाठी शेतकऱ्यांच्या जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या संघाचे भिक्षू डफ वाजवीत पोलिसांसमोर बसले. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, पण हात उगारला नाही. अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सरकारने मोजणी थांबविली. नागपूरकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. त्याच दिवशी आपल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्म स्वीकारला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता हे खरे, पण तो दिवस आठवताना मला दोन्ही एकत्रच आठवतात.

राजगीरचा स्तूप १९६९ साली आणि धौलीचा १९७२ साली पूर्ण झाला. राजगीरच्या कामात हातभार लावणारे भिक्षू सुरई ससाई नंतर नागपुरास आले आणि इथलेच झाले. १९७८ साली भारत सरकारने फूजी गुरुजींना जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. ९ जानेवारी १९८५ रोजी, शंभरीला काही महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले. वर्ध्याजवळ गोपुरीचा विश्वशांती स्तूप त्यांच्यानंतर, १९९३ साली उभा राहिला.

स्तूपांनी युद्धे थांबली का, असा प्रश्न माझ्या मैत्रिणींनी मला विचारला. नाही थांबली. परंतु आपलाच देश चुकत असेल तेव्हा देशावर प्रेम करणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतो. राजवाड्यासमोर डफ वाजविणारा तरुण म्हातारपणी तोच डफ घेऊन पोलिसांच्या लाठ्यांसमोर बसणाऱ्यांचा गुरू झाला. सेवाग्राम आपल्याला दूर नाही. सहलीला गेलात तर प्रार्थनेची वेळ चुकवू नका आणि त्यातले पहिले शब्द नीट ऐका, एवढीच विनंती.