सुकलेल्या तोंडाची दखल घेणारा डोळ्यांचा डॉक्टर

बाजरीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही, डोळ्यांत कचरा गेल्यासारखे खुपते, बोटांचे सांधे सकाळी आखडतात. जुन्नर-आंबेगाव भागातील अनेक बायका अशा तक्रारी उष्णता वाढली म्हणून अंगावर काढतात. पण ही तिन्ही दुखणी एकाच आजाराची असू शकतात. हे नाते सविस्तर मांडले स्वीडनच्या डॉ. हेन्रिक शोग्रेन यांनी.

शोग्रेन यांचा जन्म २३ जुलै १८९९ चा. स्टॉकहोमला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते नेत्रतज्ज्ञ झाले. १९३० च्या सुमारास त्यांनी एका स्त्रीला तपासले. तिचे डोळे आणि तोंड कोरडे होते, सांधेही दुखत होते. शोग्रेन केवळ डोळ्यांपाशी थांबले नाहीत. त्यांनी अशा आणखी रुग्ण शोधल्या आणि १९३३ मध्ये १९ स्त्रियांवरील प्रबंध सादर केला. त्यांतील १३ जणींना संधिवात होता. परीक्षकांना मात्र या कामाचे महत्त्व वाटले नाही. विद्यापीठात अध्यापन करण्याची वाट बंद झाली आणि शोग्रेन येनशोपिंग शहरातील रुग्णालयात काम करू लागले. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. ब्रूस हॅमिल्टन यांनी त्यांचा जर्मन प्रबंध इंग्रजीत आणला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९६१ मध्ये स्वीडन सरकारने त्यांना प्राध्यापक हा किताब दिला. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आजाराला आज त्यांचेच नाव आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. दहांतले सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. लाळ दातांचे रक्षण करते. ती आटली की दात झपाट्याने किडतात, तोंडात बुरशी वाढते. कानाखालची सूज टिकून राहिली तर लगेच दाखवावे, कारण काही थोड्या रुग्णांत पुढे लसिका ग्रंथींचा कर्करोग होतो.

तोंड मधुमेहाने किंवा काही गोळ्यांनीही कोरडे पडते, म्हणून तपासणी आवश्यक. आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. थोडे थोडे पाणी प्यावे, फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी, मिश्री पूर्ण सोडावी. लाळ वाढवणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

डोळे एका डॉक्टरला, दात दुसऱ्याला आणि सांधे तिसऱ्याला दाखवले, की आजार वर्षानुवर्षे निसटतो. तिन्ही तक्रारी एकाच वेळी, एकाच डॉक्टरला सांगा.